शून्य रुपयांचं तिकीट

चि. सोनू,


तिकीट यंत्रांच्या कंपनीत व्यवसायवाढीची सगळी जबाबदारी तुझ्यावर आली, हे ताईने सांगितलं. फार आनंद झाला. या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून थोडं लिहितो.

तुझ्या सादरीकरणात लंडन असणारच. २०१२ साली तिथे बसमध्ये बँकेचं कार्ड चालू झालं आणि जुलै २०१४ मध्ये रोकड बंदच झाली. पण तिथल्या बसचं भाडं कुठेही उतरलं तरी एकच. आपल्या एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने वाढतं, म्हणून वाहकाला ‘कुठं जायचं?’ विचारावंच लागतं. त्यात सवलती. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीपासूनच मोफत. मोफत असलं तरी त्या आजोबांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट द्यावंच लागतं, कारण त्याच नोंदींवर महामंडळ सरकारकडे प्रतिपूर्ती मागतं. गच्च भरलेल्या गाडीत एका हाताने दांडा धरून वाहकाला हे सगळं करायचं असतं. तुझ्या यंत्राची बटणं कुठे असावीत, हे त्याला विचार.

एका निविदेत मी ‘नेटवर्क नसतानाही यंत्र चालेल’ असं बिनदिक्कत लिहून दिलं होतं. तिकिटं निघालीही. पण घाटातल्या एका मुक्कामाच्या गाडीवर यंत्राने संध्याकाळच्या नोंदी गिळल्या. सकाळी आगारात हिशेबापेक्षा रोकड जास्त भरली. कमी भरली तर वाहकाने खिशातून भरायची आणि जास्त भरली तर तिकीट न देता पैसे घेतल्याचा संशय. आम्ही नोंदी परत मिळवून दिल्या, पण पंधरा दिवसांनी. तोवर त्या माणसाने चौकशीला तोंड दिलं, घरी काय सांगितलं असेल कोण जाणे. त्याच महिन्यात मला बढती मिळाली. ते मला अजून टोचतं.

म्हणून राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्डाबद्दल (एनसीएमसी) बोलताना त्याच्या चमकदार बाजूपेक्षा एक साधी बाब आधी सांग. २०१९ मध्ये आलेल्या या कार्डात थोडी रक्कम कार्डातच साठवता येते, त्यामुळे रेंज नसलेल्या फाट्यावरही भाडं वळतं होतं. ग्रामीण आगाराच्या व्यवस्थापकाला ते लगेच पटेल. मात्र ती नोंद यंत्रात किती दिवस सुरक्षित राहते, हे स्वतः तपासल्याशिवाय त्याला शब्द देऊ नकोस.

निविदापूर्व बैठकीला जाण्याआधी एखाद्या तालुक्याच्या आगारात एक रात्र काढ. शेवटच्या गाड्या आल्या की रोकड खिडकीपाशी उभी राहा. वाहक नोटा लावतो, चिल्लर मोजतो, यंत्र आत सरकवतो आणि बेरजेचा कागद बाहेर येईपर्यंत कुणाशी बोलत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघ. मग दर भर.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा