हरणी

सांगोले तालुक्यातील आमच्या मळ्यात खिल्लार जनावरांची दावण आजोबांच्या वेळेपासून आहे. त्या दावणीवर नावाजलेले बैल झाले, दुधाळ गाई झाल्या, परंतु महामारीच्या वर्षी साऱ्या घराला आधार झाली ती हरणी. खरसुंडीच्या बाजारात आजोबांनी पारखून घेतलेल्या गाईची ही लेक. वर्ण शुभ्र, बांधा सडपातळ, शिंगे धनुष्याप्रमाणे मागे वळलेली, आणि स्वभाव असा मानी की परक्याने अंगाला हात लावला तर ती नाकातून फुत्कार सोडी. 2012 च्या दुष्काळात माणदेशातील विहिरींचे तळ उघडे पडले आणि सरकारने चारा छावण्या उघडल्या, तेव्हा ही कालवड आजीसमवेत छावणीत राहिली. उसाच्या वाढ्यांचा हिशेब छावणीच्या दप्तरात लिहिला जाई. आजी आपल्या भाकरीतला चतकोर तिला भरवी, त्याची नोंद मात्र हरणीनेच ठेवली, कारण पुढे आजी असेपर्यंत तिने धार दिली ती आजीलाच.

2020 साली गुढीपाडवा आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस एकच आला, 25 मार्च. आठवडी बाजार बंद झाले, गावाच्या वेशीवर काटेरी झुडपे आडवी पडली, आणि तालुक्यास जावयाचे तर परवाना लागू लागला. वैशाखात पुण्यातील काम सुटलेला दादा गावी परतला, तेव्हा 14 दिवसांच्या विलगीकरणाच्या हुकुमान्वये त्याला मळ्यातल्या गोठ्यालगतच्या खोलीत राहावे लागले. उपजीविका हरपलेला आणि आपल्यामुळे घराला अपाय होईल या धास्तीने खंगलेला दादा प्रथम ताटातली भाकरीही संपवीत नसे. परंतु पहाटे हरणी हंबरली की त्याला उठावे लागे, शेण काढावे लागे, वैरण टाकावी लागे. तिचे दिवस भरत आले होते, आणि एका रात्री तिला वेणा सुरू झाल्या. वडील विजेरी घेऊन बांधावर उभे राहिले, आजी त्यांच्या शेजारी. हुकूम मोडून गोठ्यात पाऊल टाकावयाचे नाही आणि जनावराला वाऱ्यावर सोडावयाचे नाही, अशा पेचात आजीने बांधावरून सांगावे आणि दादाने करावे, असे मध्यरात्रीपर्यंत चालले. पुढचे दोन खूर व त्यांवर टेकलेले नाक दिसू लागताच आजी ओरडली, ‘‘ओढू नगं लेकरा, तिला कळ यील तवाच हात लाव.’’ खोंड भूमीवर आला, हरणीने त्याला चाटून कोरडे केले, यथावकाश वार पडली. आणि इतके दिवस मूक राहिलेल्या दादाच्या तोंडून मोठ्याने ‘‘पांडुरंगा!’’ असा शब्द आला.

त्या वर्षी संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांनी पंढरीस गेल्या, आणि 1 जुलैच्या आषाढी एकादशीला चंद्रभागेचे वाळवंट संचारबंदीने ओस पडले. वारी चुकल्याचे शल्य वडिलांना असह्य होई, तेव्हा आजी त्यांना अरणच्या सावता महाराजांचे स्मरण करून देई. मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत आणि विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, ही कथा आमच्या मुलुखात पोराबाळांनाही ठाऊक आहे. एकादशीच्या पहाटे वडिलांनी गोठा धुतला, हरणीच्या कपाळी बुक्का लावला, आणि तिच्या समोर बसूनच हरिपाठ म्हटला.

भाद्रपदात आजीला ताप आला. ती रुग्णालयातून परत आली नाही, आणि आम्हांला अंत्यदर्शनही घडले नाही. हरणीने पान्हा चोरला. आई धारेला बसली, दादा बसला, वासरू लावून पाहिले. ती कोणालाच दाद देईना. अखेर आईने पेटीतले आजीचे लुगडे काढले, तिच्याप्रमाणेच कासोटा घालून ते नेसली आणि चरवी घेऊन खाली बसली. हरणीने पदर हुंगला, पुष्कळ वेळ हुंगत राहिली, आणि तिची कास भरून आली. ज्या घराला आजीच्या देहापाशी रडता आले नव्हते, ते घर त्या सकाळी गोठ्यात एकत्र रडले.

पुढे वयोमानाने हरणी गेली. तिला मळ्यातल्या लिंबाखाली मूठमाती दिली. तिचा खोंड आज कुळवाला चालतो, आणि दादा पुन्हा पुण्यास गेला नाही. आजी वाचावी म्हणून आम्ही नवस बोललो होतो आणि तरीही ती गेली. तथापि देवावरचा विश्वास आमच्या घरातून उठला नाही, याचे कारण शोधू लागलो की मला हरणी आठवते. तिला महामारी ठाऊक नव्हती, भूक ठाऊक होती. तिच्या हाकेसरशी शोकाने बसलेल्या माणसालाही उठावे लागे, आणि जे हात तिच्यासाठी वैरण कापीत, त्यांनाच हळूहळू पुन्हा देवापुढे जुळण्याचे बळ येई. गोठ्यातले काम ही देवाचीच सेवा आहे, असे आजी नेहमी म्हणे. त्या वचनाची सत्यता आम्ही त्या वर्षी अनुभवली, आणि दादाच्या मुली ती सेवा आता शिकत आहेत.