उजव्या कोपराची हिस्टरी

पहिल्यांदा कळलं ते चहाचा कप उचलताना. कप धड भरलेलाही नव्हता. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी अशी कळ गेली की कप परत ओट्यावर ठेवला. मग दाराची कडी, बाटलीचं झाकण, टूथब्रश. निदान मी स्वतःच करून टाकलं: माउस. सहा वर्षं रोज दहा-दहा तास कोड लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काय होणार? उभा धरायचा तो नवा माउस मागवला, कोपराला पट्टा बांधला. महिना गेला तरी फरक पडेना, तेव्हा मांजरीतच, आमच्या सोसायटीपासून चार इमारती पुढे असलेल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये गेलो.

वाटलं होतं, मशीन लावतील, शेक देतील, पंधरा मिनिटांत मोकळा. मॅडमनी चाळीस मिनिटं मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी मान तपासली. मानेतली नस दबली तरी दुखणं हातात उतरतं, म्हणून. तिथे काही सापडलं नाही. मग कोपराच्या बाहेरचा उंचवटा अंगठ्यानं दाबला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. मूठ वळून मनगट वर उचलायला लावलं आणि त्या वरून दाब देत राहिल्या; याला कोझेन टेस्ट म्हणतात. पुढे हात सरळ ठेवून नुसतं मधलं बोट वर धरायचं होतं. त्यांनी त्या एका बोटावर दाब दिला आणि कळ गेली थेट कोपरात. बोटं आणि मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या त्याच हाडाला चिकटलेले असतात, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

शेवटी पकड मोजायचं यंत्र दिलं. दुखायला लागेल तिथं थांबायचं. डावा हात ३४ किलो, उजवा १५.

“टेनिस एल्बो आहे.”

“मी टेनिस खेळत नाही.”

“इथं येणारं कुणीच खेळत नाही,” त्या म्हणाल्या. (घरी येऊन वाचलं. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं या दुखण्याचं पहिलं वर्णन केलं, ते लिहिणाऱ्या हातांबद्दल. टेनिसचं नाव नंतर चिकटलं.)

मग त्यांनी विचारलं, “दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या महिना-दोन महिन्यांत नवीन काय सुरू झालं?”

“काही नाही. तेच काम, तीच खुर्ची.”

“आणि घरी?”

ऑफिसात सिस्टिम बंद पडली की आमचा पहिला प्रश्न हाच असतो: शेवटचा बदल कोणता केला होता? स्वतःला मात्र तो मी विचारलाच नव्हता. खरं सांगायचं तर टाळला होता.

मार्चमध्ये बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं. आईची पाठ आधीच गेलेली, त्यामुळे रात्री दोनदा त्यांना मी उठवतो. ओल्या चादरी तेव्हाच बाथरूममध्ये पिळून टाकतो, कारण रात्री दोनला मशीन लावलं तर खालचे ओरडतात. ऑफिसात फक्त ‘घरी थोडी अडचण’ इतकंच सांगितलं होतं. टीममधली दोन माणसं नुकतीच कमी केली होती. अशा वेळी सहानुभूती मिळते आणि काम दुसऱ्याकडे जातं. पण खरं कारण तेही नव्हतं. बाबांमुळे हात दुखतोय, हे वाक्य मला तोंडातून काढायचं नव्हतं.

मॅडमनी ते माझ्याकडून वदवून घेतलं नाही. स्वतः पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “मला उठवून दाखवा.”

मी नेहमीसारखा वाकलो. डावा हात पाठीमागे, उजव्या हातानं त्यांचा उजवा दंड वरून पकडला, तळवा खाली. ओढणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं.

“तळवा खाली ठेवून वजन उचललं की सगळा ताण त्याच स्नायूंवर येतो. पिळतानाही तेच. पण हे राहू द्या. बाबांना तुम्ही लुळ्या हाताला धरून उठवता?”

“हो.”

“तो खांदा आता स्नायूंनी धरलेला नाही. ओढला तर निसटतो, कायमचा दुखणाईत होतो.”

अडीच महिने रात्री उठवताना बाबा तोंड वाकडं करायचे. मला वाटायचं, झोप मोडल्याचा राग. एकदा मी चिडून बोललोही होतो.

पुढची वीस मिनिटं माझ्या कोपराची राहिलीच नाहीत. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, तो खालून, तळवे वर ठेवून धरायचा, कोपर अंगाशी, गुडघे वाकवून, त्यांचे पाय आधी जमिनीवर टेकवून. तीनदा करून घेतलं. मग माझ्यासाठी: अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, मनगट डाव्या हातानं वर न्यायचं, उजव्यानं सावकाश खाली सोडायचं. चादरी पिळणं बंद. बादलीत भिजवून ठेवा, सकाळी मशीन. इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाल्या, पहिले काही आठवडे छान वाटतं, पण वर्षाचा हिशेब मांडला तर व्यायाम करणारे पुढे असतात. फी देताना यूपीआयचा पिन डाव्या हातानं टाकला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, मला टेनिस एल्बो झालाय, सचिनला झाला होता तोच. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी त्यामुळे हुकल्या, २००५ च्या मे महिन्यात लंडनला ऑपरेशन झालं. त्याच डिसेंबरात दिल्लीला त्यानं ३५वं शतक करून गावसकरांना मागे टाकलं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

बाबा बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

“त्या… चा… डावा.”

खरंच, सचिनचा डावा कोपर होता. मी ते विसरलो होतो.

“हो बाबा. माझा उजवा.”

रात्री दोनला दौंडकडे जाणारी गाडी गेली आणि त्यांनी हाक मारली. पट्टा बांधला, पाय टेकवले. एक, दोन, तीन. उभे राहिल्यावर मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

“खांदा दुखला?”

त्यांनी मान हलवली. नाही. मग चांगला हात माझ्या कोपराजवळ आणून त्यांनी भुवई उंचावली.

“थोडा,” मी म्हटलं. आम्ही बाथरूमकडे निघालो.