पहारेकरी

नागापुरास राहावयास आलो तेव्हा मनमाडच्या रस्त्याच्या दोहों बाजूंस अद्याप पुष्कळ शेते होती, असे सांगितले तर आजच्या मुलांना ते खरे वाटत नाही. पुढे कारखाने वाढले, भोंग्यांवर घड्याळे लावण्याची सवय जडली, आणि मीही अशाच एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून बावीस वर्षे काढली. असल्या माणसाने म्हातारपणी अर्न्स्ट टोलर या जर्मन नाटककाराच्या नादी लागावे, याचे माझ्या मित्रांना हसू येते. 'नगरचा किल्ला येथून फार दूर नाही,' एवढेच उत्तर मी त्यांना देतो. ते त्यांना अपुरे वाटते. आणि ते अपुरे आहेही.

जर्मनांचा व नगरचा संबंध तसा जुना आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील जर्मन व्यापारी आणि मिशनरी धरून येथल्या छावणीत ठेवले होते. दुसऱ्या युद्धाच्या आरंभी तोच प्रकार झाला. तिबेटातील सात वर्षांची हकीकत लिहून पुढे जगप्रसिद्ध झालेला हाइन्रिख हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक प्रथम येथेच कोंडलेला होता. परक्यांना अडकवून ठेवण्यास आमचे गाव इंग्रज सरकारला फारच सोयीचे वाटले असावे! परंतु टोलर त्यांच्यातला नव्हे. त्याने नगर कधी पाहिले नाही. १९२७ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्स येथे पराधीन राष्ट्रांची जी परिषद भरली तीत त्याची आणि जवाहरलाल नेहरूंची ओळख झाली व तिचे स्नेहात रूपांतर झाले. त्याची पत्रे नेहरूंनी जपून ठेवली आणि १९५८ साली आपल्या पत्रसंग्रहात छापली. तो संग्रह चाळतानाच टोलरचे नाव मला प्रथम भेटले, आणि मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याच्या नाटकांचे एक इंग्रजी भाषांतर हाती आले.

टोलरचा जन्म १८९३ चा. १९१४ साली तो आपण होऊन लढाईवर गेला आणि तेथून युद्धाचा वैरी होऊन परतला. १९१९ च्या एप्रिलात म्युनिकमध्ये क्रांतिकारकांनी जे अल्पायुषी राज्य स्थापिले त्याच्या अग्रभागी हा पंचविशीचा कवी होता. डाखाऊजवळच्या लढाईत पाडाव केलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालाव्या असा हुकूम आला, तो त्याने पाळला नाही. तथापि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच्या पक्षाच्या लोकांनी म्युनिकच्या एका शाळेत ओलिसांना ठार मारले, आणि मागाहून आलेल्या सरकारी सैन्याने त्याच्या कितीतरी पट रक्त सांडले. टोलरला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याचे महत्त्वाचे नाट्यलेखन त्या पाच वर्षांतले आहे. त्याची नाटके बाहेर रंगभूमीवर गाजत, आणि कर्त्याला मात्र ती पाहावयास मिळत नसत.

'मासं मेन्श' हे नाटक त्याने १९१९ च्या ऑक्टोबरात लिहिले. समूह आणि माणूस असे ते दोन शब्द आहेत. त्यांच्यामध्ये 'आणि' घालावयाचे की 'विरुद्ध', हे वाचणाराने ठरवावयाचे. त्यातली नायिका संपात पुढाकार घेते. पण रक्तपाताची वेळ आली की ती अडून बसते आणि तरीही लोकांबरोबर ओढली जाते. शेवटी तिला देहान्ताची शिक्षा होते. सुटकेची सर्व व्यवस्था झालेली असते. फक्त एका पहारेकऱ्याला मारावे लागणार असते. ती नाही म्हणते.

येथे मी पुस्तक मिटले होते.

आमच्या कारखान्यात एके साली लांबलेला संप झाला. हिशेब येतो म्हणून समितीचा खजिनदार मीच. एका रात्री फाटक उघडण्यास नकार दिला म्हणून पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्याला आमच्यातल्या काहींनी मारले. त्याचा हात कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत 'असे काही घडलेच नाही' हा ठराव आला आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आमची मागणी न्याय्य होती, ती आजही मला न्याय्यच वाटते. पुढे ती मान्यही झाली. त्या म्हाताऱ्याला मात्र मी पुढे अनेकदा बाजारात, डाव्या हाताने पिशवी सावरताना पाहिले, आणि प्रत्येक वेळी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

आपल्याकडे तुरुंगाने वाङ्मयास थोडे दिलेले नाही. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' झाले, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने, नाशिकला साने गुरुजींची 'श्यामची आई'. नगरच्या किल्ल्यात १९४४ च्या पाच महिन्यांत नेहरूंनी हिंदुस्थानचा शोध घेतला. हे सारे मनाला उंच नेणारे लेखन आहे. पण त्यात बंदिवान स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभा राहून उलटतपासणी करीत नाही. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत 'संन्यस्त खड्ग' लिहिले, तेव्हा शस्त्र धरावे की टाकावे हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. परंतु तेथे नाटककाराला उत्तर आधीच ठाऊक आहे. टोलरला ते ठाऊक नाही. ब्रेख्ट मराठीत 'तीन पैशाचा तमाशा'च्या रूपानेही आला, १९७८ साली, आणीबाणी नुकतीच उठली असताना. पुलंच्या हातून तो असा काही नटला की आम्ही पोट धरून हसलो. ब्रेख्ट आपल्याला समाजाकडे बोट दाखवावयास शिकवितो, आणि ते सुखाचे असते. टोलरची बोटे आपल्याकडे वळलेली असतात. म्हणूनच त्याची नाटके फारशी कोणी करीत नसावे. शिवाय त्यांतली भाषणे लांब आहेत आणि आरडाओरडही बरीच आहे, हेही कबूल केले पाहिजे.

१९३३ साली त्याचे ग्रंथ जाळण्यात आले, नागरिकत्व गेले. परदेशात हिंडून त्याने स्पेनमधील भुकेल्यांसाठी मदत गोळा केली. तेथे फ्रँकोचा जय झाला. आणि २२ मे १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्याने स्वतःचा अंत करून घेतला. नेहरू किल्ल्यात आले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

गेल्या हिवाळ्यात मी किल्ला पुन्हा पाहून आलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे; दाराशी एक तरुण जवान होता. नेहरूंची खोली पाहिली. पण अधिक वेळ उभा राहिलो तो तटाशी, पाकोळ्यांची ये-जा पाहत. टोलरच्या कोठडीत पाकोळ्यांसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांनी घरटे केले होते आणि त्याने त्यांच्यावर एक सबंध काव्य रचले. नाटकाचे शेवटचे दृश्यही कोठडीतच आहे. नायिकेला बाहेर नेल्यावर दोन कैदी बायका आत शिरतात आणि तिच्या मागे राहिलेल्या किरकोळ वस्तू उचलू लागतात. इतक्यात बाहेर बंदुकांचा आवाज होतो. त्या दचकतात, आणि घेतलेली एकेक वस्तू परत जागच्या जागी ठेवतात.

निघताना जवानाने विचारले, 'काका, सापडले का जे पाहावयास आला होता ते?' मी त्याला त्याचे गाव विचारले. त्याने सांगितले. मग बराच वेळ आम्ही त्याच्या गावच्या पावसाविषयी बोलत उभे होतो.