ओहोटीची वाट

'भाऊबंदकी' हा आपल्या भाषेतला मोठा चमत्कारिक शब्द आहे. त्यात भाऊही आहे आणि बंधूही आहे. तरी तो कानांवर पडताच डोळ्यांपुढे येते ती कोर्टाची पायरी, मोजणीदाराची साखळी आणि घराच्या मधोमध घातलेला कूड. दिवाळीत बहीणभावासाठी आपण एक अख्खा दिवस राखून ठेवला आहे. भावाभावांसाठी मात्र पंचांगात तिथी नाही. पूर्वजांनी तो नादच सोडून दिला असावा!

भाऊ साधे असले, तर त्यांच्या भांडणात फार तर परसातल्या आंब्याची वाटणी होते. पण भाऊ राज्यकर्ते असले, म्हणजे सबंध किनाऱ्याची वाटणी होते. आणि ज्यांना तीत छटाकभरही मिळायचे नसते, त्यांना 'तू कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

माझे आजोळ अलिबागकडचे. तिथल्या मातीने हा प्रश्न पुष्कळदा ऐकला आहे. कान्होजी आंग्रे 1729 साली वारले. सेखोजीने घर सांभाळले, पण 1733 मध्ये तोही गेला, आणि संभाजी व मानाजी हे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा मिळवला. 1735 साली बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी करून दिली. मानाजीला कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब. संभाजीला दक्षिणेकडचे जलदुर्ग आणि 'सरखेल' ही पदवी. कागदावर भांडण मिटले.

कुलाबा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची गंमत ठाऊक असेल. भरतीला तो बेट असतो, आणि ओहोटीला आपण धोतर किंवा पाटलोण गुडघ्यापर्यंत वर घेऊन चालत जातो. किल्ला आणि गाव यांचा संसार या ओल्या वाटेवरच चालायचा. किल्ल्याने गावाला तोफेचा आधार द्यावा; गावाने किल्ल्याला माणसे, भाजी, मासळी पुरवावी. अली नावाच्या धनिकाने इथे विहिरी खणल्या, बागा केल्या, म्हणून हे अलिबाग, असे सांगतात. म्हणजे गावाच्या नावातच पाणी आहे.

1740 मध्ये संभाजी चालून आला. त्याने हिराकोट, सागरगड, चौल घेतले आणि कुलाब्याचे गोडे पाणी तोडले. हिराकोट अगदी गावात, किनाऱ्यालगत. तेव्हा किनाऱ्यावर एका भावाचे निशाण, समोरच्या खडकावर दुसऱ्याचे, आणि मधे ओहोटीची वाट.

या वेळी गावातल्या माणसांनी काय करावे? कोणाचा नवरा मानाजीच्या चाकरीत किल्ल्यात अडकलेला असेल. त्याच आळीत कोणाचा मुलगा संभाजीच्या गलबतावरून आला असेल. दोघांच्याही बापांनी कान्होजींचेच मीठ खाल्लेले. परका म्हणून बोट दाखवावे असे त्यांच्यात कोणीच नव्हते. रात्रीच्या ओहोटीला एखादी घागर किल्ल्याकडे गेली असेल, तर ती इमानदारी की फितुरी, हे हिराकोटावर कोणाचे निशाण आहे एवढ्यावर ठरायचे. आणि पाहणारे डोळे शेजारणीचेच असायचे.

मानाजीने पेशव्यांना आणि इंग्रजांना हाक मारली. नानासाहेब फौज घेऊन आले, हिराकोटापाशी तुळाजी आंग्रे हाती लागला, संभाजी माघारी गेला. इतिहास इथे परिच्छेद संपवतो. गावाचे दुखणे मात्र इथून सुरू झाले असणार. काल ज्यांना आळीत मान खाली घालावी लागत होती ते आज ताठ चालू लागले, आणि काल ज्यांनी संभाजीच्या माणसांना तांदूळ विकले त्यांनी दारे लावून घेतली. पाणी भरायला जायचे ते पुन्हा त्याच विहिरीवर. 1793 साली रघुजी आंग्रे गेल्यावर त्याच घराण्यात पुन्हा कलह पेटला, आणि किनाऱ्याला पुन्हा तोच प्रश्न आला.

माझ्या आजीच्या वाडीतही अशीच एक लहानशी लढाई होती. थोरले घर आणि धाकटे घर. भाऊ वेगळे झाले ते पुन्हा बोललेच नाहीत. आजोबा थोरल्यांच्या वाडीवर कामाला, म्हणून आम्ही थोरल्यांचे. गोड्या पाण्याची जवळची विहीर धाकट्यांची. आजी दिसली की त्या घरची माणसे रहाटाचा दोर सोडून आत नेत. मग ती दूरच्या विहिरीवरून दोन दोन हंडे आणी. तिने कोणाचे काय बिघडवले होते, हे मला कधी कळले नाही.

पण दिवाळीच्या पहिल्या दिवशी ती मला फराळाचे ताट देऊन धाकट्यांच्या मागील दारी पाठवी. थोरल्यांना कळले असते तर आजोबांचे काम गेले असते.

"ते आपल्याशी बोलत नाहीत ना?" मी विचारी.

"तुला बोलायला कोण सांगतंय? ताट ठेव नि ये."

मी ताट ठेवून पळून येई. संध्याकाळी ते आमच्या पायरीवर परत आलेले असे. कोणी आणले ते दिसत नसे. पण ते रिकामे कधी आले नाही. चार करंज्या, नाहीतर मूठभर पोहे असतच. शब्द मात्र एकही नाही. रहाटाचा दोरही त्या वर्षी पूर्वीसारखाच आत जाई.

मानाजी-संभाजीचा तह पेशव्यांनी केला आणि तो पाच वर्षे टिकला. आजीच्या तहाला साक्षीदार नव्हता. तो दरवर्षी नव्याने करावा लागे, आणि ती असेपर्यंत तो मोडला नाही. यंदा फराळाची ताटे लावाल, तेव्हा एक जास्त लावा. कोणाकडे पाठवायचे, ते तुम्हाला ठाऊक आहेच.