स्कार्लेटचं पुढे काय झालं?

मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' (१९३६) संपते तेव्हा ऱ्हेट बटलर स्कार्लेटला सोडून निघालेला असतो. पुढचा भाग लिहायला मिचेल कधीच राजी झाल्या नाहीत. १९४९ मध्ये त्या वारल्या आणि १९९१ मध्ये वारसांच्या संमतीने अलेक्झांड्रा रिप्ली यांची 'स्कार्लेट' आली. वाचकांचा विरस झाला तो दोघांचं पुन्हा जुळवून दिल्यामुळे, असं म्हणतात. मला ते पटत नाही. प्रेमकथेच्या वाचकाला गोड शेवटाचं वावडं कधी होतं? मूळ कादंबरीत टारा या तिच्या जॉर्जियातल्या मळ्याचा कर भरायला तीनशे डॉलर हवेत म्हणून ही बाई घरातल्या हिरव्या मखमली पडद्यांचा झगा शिवून घेते आणि कैदेतल्या ऱ्हेटसमोर नटूनथटून उभी राहते. तिचे खरबरीत झालेले हात पाहून तो सगळं ओळखतो. रिप्लींची स्कार्लेट आयर्लंडला जाऊन जमीनजुमला विकत घेते. पैशाची ददात गेली, आणि तिच्या बनेलपणाचं कारणही गेलं.

यावर कुणी म्हणेल, लाखो प्रती खपल्या की! खपल्या, पण पुस्तक वाचण्याआधीच विकत घेतलं जातं. तो खप मिचेलबाईंनी मागे ठेवलेल्या प्रश्नाचा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मूळ कादंबरीच गुलामगिरीला गोंडस रूप देते, तिचा एवढा मान कशाला राखायचा? राखू नयेच. पण मग जॉर्जियात राहून, मुक्त झालेल्या गुलामांच्या नजरेला नजर देऊन लिहायचं होतं. आयर्लंडची बोट पकडणं ही सरळसरळ पळवाट होती.