मे महिन्यातली बाग

शाळेची बाग पाहायची असेल तर जुलैत जाऊ नये. जुलैत सगळ्याच बागा चांगल्या दिसतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जावं, तेही भर दुपारी. फाटकाला कुलूप असतं. कुंपणावरून आत डोकवावं. शेवगा तेवढा उभा असतो, कारण तो कशालाच दाद देत नाही. बाकी वाफ्यांना भेगा, आळ्यांत वाळका पाला, आणि मधोमध ‘एक विद्यार्थी, एक झाड’ अशी रंगवलेली पाटी. माण-खटाव, जत-आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत अशा बागा मी बऱ्याच पाहिल्या. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माणमधल्या दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. आणि शाळेची मोठी सुट्टी दहिवडीला लागते ती ऐन उन्हाळ्यात.

शाळा उघडतात जूनच्या मध्याला. अमेरिकेतल्या मुलांना मोठी सुट्टी लागते तीही त्याच सुमारास. त्यामुळे तिकडून स्वयंसेवक म्हणून येणारी मुलं नेमकी आपल्याकडे सगळं उगवत असताना येतात. चिखल तुडवतात, रोपं लावतात, आपल्या पोरांबरोबर हसतात, गांडूळखताच्या खड्ड्याशी फोटो काढतात आणि ऑगस्टात परत जातात. त्यांना कुणी खोटं दाखवलेलं नसतं. त्यांनी पाहिलेलं वर्षच दोन महिन्यांचं असतं.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीनं मध्यंतरी कळवलं, ‘मामा, लेकीला सुट्टीत तिकडच्या शाळेत बागकाम, पर्यावरण असं काहीतरी करायचंय. एखादी शाळा बघ ना.’ नातीची इच्छा चांगली आहे, शंका नाही. परक्या देशात जाऊन हातानं काम करावं ही कल्पनाही जुनी आणि भली आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस माणसानं फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात वेगवेगळ्या देशांच्या लोकांना घेऊन घरं बांधायला घेतली. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारात येऊनही राबला. पण भाचीला ‘हो’ म्हणण्याआधी मी आमच्याच मुलखात बाहेरून आलेल्यांची आठवण काढत बसलो.

पहिल्या आठवल्या फलटणच्या मॅक्सिन बर्नसन. अमेरिकेतून साठच्या दशकात त्या फलटणला आल्या, त्या शाळा काढायला नव्हे, तर तिथली माणसं मराठी कशी बोलतात त्याचा अभ्यास करायला. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. प्रगत शिक्षण संस्था निघाली १९८४ साली आणि कमला निंबकर बालभवन त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे गावात पाऊल टाकल्यापासून शाळेची घंटा वाजेपर्यंत वीसेक वर्षं गेली. त्या काळात दलित वस्तीतली पोरं शाळेत का मागं पडतात, घरी काय बोलतात, हे त्यांना कळत गेलं. शाळेला ज्यांचं नाव आहे त्या कमलाबाईही मूळच्या एलिझाबेथ लुंडी, अमेरिकन क्वेकर घरातल्या, १९३० मध्ये इकडे सून म्हणून आलेल्या. दोघींनीही परतीचं तिकीट हातात ठेवून काम केलं नाही.

सांगलीच्या बाजूला गेल ऑम्वेट. त्याही अमेरिकेतून संशोधनासाठी आल्या आणि वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या होऊन गेल्या. २०२१ मध्ये तिथंच वारल्या. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधायचं ठरवलं. त्या लढ्यात गेलताई आणि त्यांचे पती भारत पाटणकर गावाबरोबर होते. नदीतली वाळू विकून पैसा उभा करायचा, हा हट्ट गावकऱ्यांनी धरला आणि सरकारशी भांडून तो मान्य करून घेतला. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की पाणी कुणाला किती, भूमिहीनाला किती, हे आधी ठरलं.

शाळेच्या बागेत नेमकं हेच कुणी ठरवत नाही. रोपं आणायला देणगी मिळते. पाणी कुणी घालायचं, हा प्रश्न कुणाच्या अहवालात नसतो.

भाऊराव पाटलांना तो पडलाच नसावा. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी हिंडलेला माणूस! जमीन म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. सगळ्या जातींची पोरं वसतिगृहात एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, शेतात खपत. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथंही शिक्षण फुकट, पण श्रम चुकायचे नाहीत. ‘कमवा आणि शिका’ हे तिथं भिंतीवरचं वाक्य नव्हतं. पिकलं ते ताटात यायचं. ज्या मातीवर आपलं जेवण अवलंबून आहे ती पोरं उन्हाळ्यात सोडून कशी जातील? आजच्या परसबागेतली मेथी पोषण आहाराच्या आमटीत पडते हे खरं, पण ती आली नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही.

आणि मे महिना काही बिनकामाचा नाही. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या ‘वॉटर कप’ जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. एप्रिल-मेच्या उन्हातच ते काम झालं. लोकांनी टिकाव-घमेली उचलली ती त्यांचीच विहीर कोरडी पडली होती म्हणून. बाहेरून श्रमदानाला आलेले एका दिवसात दमून गेले, तरी गावानं त्यांना प्रेमानं जेवू घातलं. त्यांच्या एका दिवसाचं ओझं कुणी मानलं नाही, कारण काम त्यांच्यावर अवलंबूनच नव्हतं. स्वयंसेवकाची खरी जागा ती असावी, असं मला वाटतं.

म्हणून भाचीला लिहिलं, की लेकीला येऊ दे जुलैत. पण तिनं नवी रोपं लावू नयेत. आहेत त्या झाडांच्या आळ्यांत भाजलेले सच्छिद्र माठ पुरावेत, म्हणजे पाणी हळूहळू झिरपेल. हात धुण्याच्या नळाचं पाणी वाफ्यांकडे वळवायला चर खणू दे. शाळेला लागून कुणाकुणाची घरं आहेत, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई कुठं राहतात, त्यांना कढीपत्ता न्यायची मुभा आहे का, हे तिनं पोरांबरोबर दारोदार जाऊन विचारावं. तिचं मराठी मोडकं आहे, पोरं सुधारतील. मग सुट्टीतल्या पाळ्यांची यादी करावी, फळ्यावर नाही, त्या ताईंच्या घरी लावावी. आणि पुढच्या मेमध्ये विचारावं, माठ भरले का.

भाचीचं उत्तर लगेच आलं. मेमध्ये लेकीच्या परीक्षा असतात म्हणे. फोन तर करता येईल, असं मी उलट कळवलं आहे.