आवाज मोठा, वजन कमी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी नकारच दिला होता. प्रोग्रेसिव्ह मेटल हा प्रकार दिवाळी अंकाच्या वाचकाला समजावून सांगायचा तर निम्मा लेख शब्दांचे अर्थ देण्यातच जाणार. पण त्याच आठवड्यात गेल्या हिवाळ्यातलं एक काम पुन्हा कानात वाजायला लागलं, आणि मी हो म्हणालो.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझी ध्वनिमुद्रणाची छोटी खोली आहे. तिथे कॉलेजची चार पोरं आली होती. सात मिनिटांचं एकच गाणं, नऊ रात्री खपून केलेलं. साडेतीन मिनिटं नुसती स्वच्छ गिटार आणि हळू गळा, मग एका क्षणी सगळा वाद्यमेळ अंगावर कोसळतो. मी मिक्स करून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, दणका बसंना झालाय. स्कायहार्बरच्या पहिल्या अल्बमसारखं पाहिजे. दुसऱ्यासारखं मऊ नको." मी आवाज चढवला. पुन्हा फोन, पुन्हा चढवला. तिसरी प्रत त्यांनी आनंदाने नेली. त्या प्रतीत गाणं कोसळतच नाही, कारण कोसळायला उंचीच उरलेली नाही. ते काम माझ्या हातचं आहे आणि मला ते पटलेलं नाही.

स्कायहार्बर या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचं नाव इथल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. दिल्लीच्या केशव धर या गिटारवादकाने घरातल्या खोलीत एकट्याने हा उद्योग सुरू केला. पहिला अल्बम 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज' 2012 साली इंग्लंडच्या बेसिक रेकॉर्ड्सने काढला. गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडमध्ये, ड्रमर अनुप शास्त्री अमेरिकेत, आणि फायली इकडून तिकडे जायच्या. अल्बमचे दोन भाग आहेत. मोठा 'इल्यूजन' टॉम्पकिन्सच्या गळ्यातला. छोटा 'केऑस' सुनीथ रेवणकरचा. हा मुंबईच्या 'भयानक मौत' बँडचा गायक, गळा खरवडून काढणारा. काही सोलो तर मेगाडेथ या बँडमध्ये पूर्वी असलेल्या मार्टी फ्रीडमनने वाजवलेत. दुसरा अल्बम 'गायडिंग लाइट्स' 2014 चा. तोवर मुंबईच्या 'गॉडेस गॅग्ड'मधले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी गिटार आणि बासवर आले होते, आणि मिक्सिंग ऑस्ट्रेलियाच्या फॉरेस्टर सॅव्हेलकडे होतं. कार्निव्हूल या बँडचा 'साउंड अवेक' ज्याने घडवला, तोच हा माणूस.

पहिला अल्बम म्हणजे भिंत आहे. गिटारच्या जाड तारा खाली उतरवून लावायच्या, उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवायची आणि तुटक तुटक घाव घालायचे. त्यातून जो नाद निघतो त्यालाच 'जेंट' म्हणतात. तबल्याचे बोल जसे नादावरून पडले, तसा हा गिटारचा बोल. त्या घावांवर ड्रम्स बसतात, वर कीबोर्डचं धुकं, आणि टॉम्पकिन्सचा उंच आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या. आपल्याकडच्या एका मुलाने घरात बसून हे केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दुसऱ्या अल्बमवर रसिकांचा राग आहे. गुरगुराट फारच कमी, गाणी लांबत जाणारी, गिटार बराच वेळ नुसती झुळझुळते. 'मऊ झाले' हा शब्द मी कोल्हापुरात, पुण्यात, सगळीकडे ऐकला. माझं मत उलट आहे, आणि का ते सांगायला मला थोडं तांत्रिक बोलावं लागेल.

गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झवर बोलते. सात तारांच्या गिटारची खालची तार 62 च्या आसपास. पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचं अंगही 50 ते 100 याच पट्ट्यात, आणि बास गिटार त्याच्याही खालून येते. एकाच पट्ट्यात तिघे बोलायला लागले की कान एकालाच ऐकतो, बाकीचे झाकले जातात. मग मिक्स करणाऱ्याने प्रत्येकाला जागा काढून द्यायची. इथे गिटारचं पोट थोडं कापायचं, तिथे ड्रमला एक खाच मोकळी ठेवायची. 'गायडिंग लाइट्स'मध्ये बास स्वतःच्या वाटेने चालताना ऐकू येते. ड्रमवर काठी पडते आणि मग तो नाद विझतो, तो विझतानाही ऐकू येतो. 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज'मध्ये तो विझायच्या आत पुढचा घाव आलेला असतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या वादाकडे येतो. संपादकांनी इथे कात्री लावू नये.

डिजिटल ध्वनीला एक छत असतं. त्याच्या वर लाट गेली की तुटते. सगळ्यांचीच छतं सारखी, मग आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजवायचं कसं? छत वर सरकत नाही, म्हणून जमीन वर उचलायची. लिमिटर नावाचं साधन उंच टोकं दाबून धरतं आणि मग सगळंच्या सगळं वर ढकलता येतं. हळू भाग मोठा होतो, मोठा भाग तिथेच राहतो, आणि दोघांतलं अंतर मिटतं. 2008 साली मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला तेव्हा हा वाद जगभर पेटला. त्याच गाण्यांची 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली प्रत सीडीपेक्षा मोकळी निघाली होती आणि चाहत्यांनी ती शोधून ऐकली. गेममधलं गाणं सीडीहून चांगलं, ही आमच्या धंद्याला लाज वाटावी अशी गोष्ट होती.

या शर्यतीला आता अर्थही उरलेला नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा प्रत्येक गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजतात. एलयूएफएस हे त्याचं माप. उणे 14 च्या आसपास सगळ्यांना एका पातळीवर आणतात. तुम्ही उणे 7 वर ठेचून नेलेलं गाणं तिथे आपोआप खाली ओढलं जातं. ठेचलेपण तेवढं शिल्लक राहतं. हे मी त्या पोरांना कागदावर काढून दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि तरी तिसरी प्रतच नेली.

त्यांचीही एक बाजू आहे. गारगोटीच्या एसटीत, इंजिनाच्या घरघरीत, कानात शंभर-दोनशे रुपयांची बोंडं घालून ऐकणाऱ्या मुलाला साडेतीन मिनिटांचा हळू भाग ऐकूच येत नाही. त्याच्यासाठी थोडं दाबणं गरजेचंच असतं. ते किती, हे ठरवणं म्हणजेच माझं काम, आणि त्या वेळी मला ते नीट ठरवता आलं नाही. वय झालं म्हणून मला मोकळं आवडतं का, हा प्रश्नही मी स्वतःला विचारला आहे.

पण आवाज म्हणजे ताकद हा समज आपल्या गावात फार खोल गेला आहे. रे डॉल्बी यांनी 1965 साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आमच्याकडे 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. मिरवणुकीत खिडकीची तावदानं थरथरतात तेव्हा ती मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. मी ध्वनीचं काम करतो म्हटलं की नातेवाईकही विचारतात, "डॉल्बी किती बेसची?" 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट 1932 साली याच कोल्हापुरात प्रभातने घडवला. त्यातलं गोविंदराव टेंब्यांचं गाणं त्या काळच्या साधनांवर टिपणाऱ्यांनी कोण किती लांब उभा राहणार याचाच आधी विचार केला असणार. त्या गावात आज ध्वनी म्हणजे फक्त दणका उरावा, याचं मला दुःख होतं.

'गायडिंग लाइट्स' निर्दोष नाही. मधली काही गाणी एकमेकांत मिसळून जातात, आणि पहिल्या अल्बममधली भूक, एकट्या माणसाने जगाला हाक मारावी तशी, तिथे नाही. टॉम्पकिन्स 2015 मध्ये बँड सोडून गेला. तरीही जड अल्बम कोणता, असं विचारलं तर मी दुसऱ्याचंच नाव घेईन. वजन जाणवायला आधी हात रिकामा लागतो, आणि तो रिकामा हात त्यातल्या शांत जागा देतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः ऐका. दोन्ही अल्बममधलं एकेक गाणं लावा. ज्याचा आवाज मोठा वाटतो ते खाली आणत राहा, दोन्हीतला गळा सारखा ऐकू येईपर्यंत. एकदा बटण जागेवर आलं की हात काढून घ्या आणि डोळे मिटून बसा.

त्या चार पोरांचं पहिलं मिक्स अजून माझ्या हार्डडिस्कवर आहे. त्यांनी मागितलं तर त्याच दिवशी देईन, पैसे न घेता.